अनोळखी हातांसाठी राखलेली जागा
(वेब सर्व्हरमधील हूक आणि मॉड्यूल यांचा इतिहास)



आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की राजे, लढाया, सनदा आणि शिलालेख डोळ्यांपुढे येतात. वेब सर्व्हर ही तर जेमतेम तीन-साडेतीन दशकांपूर्वीची गोष्ट. तिला इतिहास तो कसला? परंतु माणसे एकत्र येऊन एखादे मोठे काम कसे उभारतात आणि उभारलेले काम पुढच्यांच्या हाती कसे सोपवतात, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर अलीकडच्या काळात ज्या ठिकाणी लिहिले गेले, ते ठिकाण म्हणजे अपाचे नावाचा वेब सर्व्हर. त्याची हकिकत मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

१. मागावरचा आकडा

आरंभ खासबागेपासूनच करू. खासबाग, शहापूर, वडगाव या भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना मागाचा आवाज मुद्दाम ऐकावा लागत नाही. येथून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८०४ साली, फ्रान्समधील लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी नक्षीदार कापड विणण्याच्या आपल्या यंत्राला पक्के रूप दिले होते. त्यांच्या नावाचा ‘जॅकार्ड’ हा शब्द आज विणकराच्या बोलीतला झाला आहे.

जॅकार्ड हा स्वतंत्र माग नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो मागावर चढवलेला जोड आहे. खाली माग आपले नित्याचे काम करीत असतो. ताणा ताणलेला असतो, धोटा इकडून तिकडे जातो, फणी धागा ठोकते. वर बसवलेल्या जॅकार्डात पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या एकामागून एक पुढे सरकतात. ज्या जागी भोक असते तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला तारेचा आकडा सरळ उभा राहतो. वर जाणारी पाती त्या आकड्याला उचलते आणि त्याच्याशी बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे सुई मागे रेटली जाते, आकडा कलतो, पातीत अडकत नाही आणि धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची झाली तर माग मोडावा लागत नाही, पट्ट्या बदलल्या म्हणजे झाले.

आपल्या भाषेत ‘आकडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अंक, दुसरा अडकवण्याची वाकडी तार. मागावरच्या या आकड्यात हे दोन्ही अर्थ जणू एकत्र नांदतात, कारण भोक आहे किंवा नाही या एवढ्याच हिशेबावर तो चालतो. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी छिद्रित पट्ट्यांची कल्पना जॅकार्डकडूनच घेतली. पुढे संगणकाच्या जगात ज्याला ‘हूक’ म्हणू लागले तो आकडा तारेचा नव्हता आणि जॅकार्डच्या आकड्यापासून तो थेट उतरला असेही मी म्हणत नाही. मला साम्य दिसते ते एवढेच की मूळ यंत्र न मोडता त्याच्या कामात नवे काम गुंतवायचे, तर गुंतवण्याची जागा आधी कोणीतरी करून ठेवावी लागते.

२. ठिगळांचा काळ

टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालू केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सॉफ्टवेअर सर्वांना मुक्त केले. त्याच सुमारास अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील एन.सी.एस.ए. या केंद्रात रॉब मॅककूल या तरुणाने एक सर्व्हर लिहिला. तो सुटसुटीत होता, फुकट होता आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही पाहता येत असे. साहजिकच तो झपाट्याने पसरला.

वेब सर्व्हरचे मूळ काम साधे आहे. दूरच्या वाचकाकडून एखाद्या पानाची मागणी येते, सर्व्हर ते पान शोधतो आणि पाठवून देतो. परंतु लोकांच्या गरजा एवढ्यावर थांबल्या नाहीत. कोणाला पानावर पहारा हवा होता, कोणाला भेटींची नोंद वेगळ्या पद्धतीने ठेवायची होती, कोणाला मागणी येईल त्या क्षणी पान तयार करायचे होते. या शेवटच्या कामासाठी एन.सी.एस.ए.च्या मंडळींनीच सी.जी.आय. नावाची सोय काढली होती. तीत प्रत्येक मागणीसाठी एक स्वतंत्र आज्ञावली सुरू करून काम संपताच ती बंद करावी लागे. दहा वाचकांपुरते ते ठीक होते. दहा हजारांच्या ओझ्याखाली यंत्र दमून जाई.

१९९४ च्या मध्यास मॅककूल एन.सी.एस.ए. सोडून गेले आणि सर्व्हरची वाढ खुंटली. तो वापरणारे लोक आपापल्या ठिकाणी दुरुस्त्या करू लागले. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. आपला शब्द ठिगळ. प्रत्येकाचे ठिगळ वेगळे आणि एकाचे ठिगळ दुसऱ्याच्या ठिगळाला छेद देणारे, अशी स्थिती झाली. फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीस ब्रायन बेलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉब हार्टिल, डेव्हिड रॉबिन्सन, क्लिफ स्कॉलनिक, रँडी टरबुश, रॉबर्ट थाऊ आणि अँड्र्यू विल्सन या आठ जणांनी ही ठिगळे एकत्र करण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये त्यांचा पहिला जाहीर सर्व्हर बाहेर पडला. नाव होते अपाचे. अमेरिकेतील आदिवासी जमातीविषयीच्या आदरातून हे नाव घेतले, असे बेलेनडॉर्फ सांगत. ‘ए पॅची सर्व्हर’, म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, अशी त्यावरील कोटीही तेव्हापासून चालत आली आहे.

ठिगळे जोडून वाकळ होते आणि ती ऊबही देते. परंतु वाकळीला नवे ठिगळ लावायचे तर प्रत्येक वेळी सुईदोरा घेऊन मूळ वाकळच उसवावी-शिवावी लागते. अपाचेची पहिली आवृत्ती अशीच होती.

३. शंभाला

त्या उन्हाळ्यात रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची अंतर्गत रचना नव्याने आखली. या कामाला त्यांनी ‘शंभाला’ हे नाव दिले होते. आपल्या पुराणांत कल्की अवताराचे गाव म्हणून शंभल येते आणि तिबेटी बौद्ध परंपरेत ते एका गूढ राज्याचे नाव आहे. शंभालाची मुख्य कल्पना अशी, की सर्व्हरचा गाभा लहान ठेवावा आणि बहुतेक कामे त्याला बाहेरून जोडलेल्या ‘मॉड्यूल’ नावाच्या स्वतंत्र भागांकडे सोपवावीत. गाभा आणि मॉड्यूल यांनी एकमेकांशी कसे वागावे याचे नियम लेखी ठरलेले असावेत.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. मंडळातील इतर सदस्य तोवर जुन्याच पायावर पुढची आवृत्ती रचीत होते. जुलैमध्ये त्यांनी तो पाया सोडला, थाऊ यांची रचना स्वीकारली आणि आपली नवी कामे तीवर चढवली. स्वतःच्या हातचे चालते काम दुसऱ्याच्या चांगल्या आराखड्यासाठी बाजूला ठेवणे किती अवघड असते, हे कोणत्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये या नव्या बांधणीचा सर्व्हर बाहेर आला. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचेची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि एप्रिल १९९६ पर्यंत नेटक्राफ्टच्या पाहणीत हा सर्व्हर जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

४. अर्जाचा प्रवास

हूक म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी सरकारी कचेरीतील अर्जाचा प्रवास आठवावा. अर्ज आवक टेबलावर येतो, त्यावर क्रमांक पडतो, मग तो एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, कोठे शेरा, कोठे सही, आणि शेवटी जावक नोंद होऊन उत्तर बाहेर पडते. सर्व्हरकडे आलेली मागणीही अशीच ठरावीक टप्प्यांतून जाते. मागणी वाचणे, मागितलेल्या पत्त्यावरून कोणती फाईल द्यायची ते ठरवणे, मागणी कोठून आली ते पाहणे, मागणारा कोण याची ओळख पटवणे, त्याला अधिकार आहे का हे तपासणे, द्यावयाच्या मजकुराचा प्रकार व भाषा निश्चित करणे, किरकोळ दुरुस्त्या करणे, मजकूर तयार करून पाठवणे आणि अखेरीस नोंदवहीत नोंद करणे.

यांतील प्रत्येक टप्प्यावर सर्व्हरच्या गाभ्याने एक आकडा लावून ठेवलेला असतो. तोच हूक. मॉड्यूल लिहिणारा आपले छोटे फंक्शन त्या आकड्याला अडकवतो. मागणी त्या टप्प्यावर आली की गाभा अडकवलेल्या फंक्शनांना एकेक करून हाक मारतो. फंक्शनने गाभ्याला बोलवायचे नसते, गाभाच त्याला बोलावतो, ही यातील शिस्त आहे. हाक आल्यावर फंक्शन तीनपैकी एक उत्तर देते. “हे काम मी केले”, किंवा “हे माझे काम नव्हे, पुढच्याला विचारा”, किंवा “येथे दोष आहे, मागणी थांबवा”. नको असलेला मनुष्य दारात आला तर मिळणारा ४०३ आणि पान नसल्यास मिळणारा ४०४ हे आकडे या तिसऱ्या प्रकारातले.

काही टप्प्यांवर पहिल्याने काम स्वीकारले की पुढच्यांना विचारण्याचे कारण उरत नाही. फाईल एकाने शोधली की ती शोधून झालेली असते. मजकूरही एकच जण तयार करतो. याउलट नोंद ठेवण्याच्या टप्प्यावर सर्वांनाच हाक दिली जाते, कारण प्रत्येकाची वही वेगळी असू शकते. “हे माझे काम नव्हे” असे नम्रपणे सांगून बाजूला होण्याची सोय या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. तिच्यामुळेच एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांची मॉड्यूले एकाच सर्व्हरवर भांडण न करता नांदू शकतात.

थाऊ यांच्या आराखड्यात पाहुण्यांची आणखी एक काळजी घेतली होती. एका मागणीसाठी लागणारी सारी स्मृती एका साठ्यातून घ्यावी आणि मागणी पुरी होताच तो साठा एकदम मोकळा करावा. पंगतीतील एखाद्याने आपले ताट उचलले नाही, तरी पंगत उठल्यावर घर झाडून निघते, तशी ही व्यवस्था. ज्याला अनोळखी माणसे घरात घ्यायची आहेत, त्याने त्यांच्या विसराळूपणाची तरतूद आधी करावी लागते.

या आकड्यांवर पुढील काही वर्षांत किती कामे टांगली गेली! १९९६ साली पर्ल ही भाषाच सर्व्हरच्या आत येऊन बसली. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली पी.एच.पी. अपाचेचे मॉड्यूल बनून घरोघरी पोहोचली. राल्फ एंगेलशाल यांनी पत्त्यांची फेररचना करणारे मॉड्यूल लिहिले. यांपैकी कोणालाही आपल्या मॉड्यूलसाठी सर्व्हर नव्याने लिहावा लागला नाही.

५. आकडा जेथे नव्हता

तरीही या रचनेत एक उणीव होती आणि ती एका चांगल्या मॉड्यूलनेच उघडी पाडली. वाचक आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण सांकेतिक लिपीत करण्याची गरज व्यापाराबरोबर वाढत होती. अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे ही विद्या अपाचेच्या मूळ संचात घालता येत नव्हती. बेन लॉरी यांनी ती वेगळ्या आवृत्तीच्या रूपाने पुरवली आणि त्यांच्या कामाच्या आधारे एंगेलशाल यांनी १९९८ साली ‘मॉड-एस.एस.एल.’ तयार केले. नावाने ते मॉड्यूल होते, परंतु निव्वळ मॉड्यूल म्हणून ते बसेना. मागणी वाचण्याच्याही आधी, तारेवरून येणाऱ्या अक्षरांनाच त्याला हात घालायचा होता आणि त्या जागी आकडाच नव्हता. अखेर एंगेलशाल यांना मॉड्यूलबरोबर मूळ सर्व्हरला लावण्याचे एक ठिगळही द्यावे लागले. ठिगळांपासून सुटका व्हावी म्हणून उभारलेल्या इमारतीत ठिगळ पुन्हा आले.

पहिल्या रचनेत टप्प्यांची यादी बांधीव होती. मॉड्यूल म्हणजे ठरावीक रकान्यांचा एक तक्ता. रकाना असेल तेथेच फंक्शन लिहायचे, नसेल तर उपाय नाही. मॉड्यूलांचा क्रमही सर्व्हर जुळवताना ज्या अनुक्रमाने ती मांडली असतील त्यावर अवलंबून असे. दुसऱ्या पिढीच्या अपाचेत, एप्रिल २००२ मध्ये जाहीर झालेल्या आवृत्तीत, हे बदलले. बेन लॉरी यांनी रचलेल्या नव्या पद्धतीत मॉड्यूल स्वतःच आपली फंक्शने नोंदवते. मला आरंभी बोलवा, मध्ये बोलवा, शेवटी बोलवा, अमक्याच्या आधी वा तमक्याच्या नंतर बोलवा, असे ते सांगू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखादे मॉड्यूल स्वतःही नवे आकडे लावू शकते. दुसऱ्या सर्व्हरकडे मागणी पोहोचवणारे ‘मॉड-प्रॉक्सी’ हे मॉड्यूल असे आकडे लावते आणि निरनिराळ्या शिष्टाचारांची मॉड्यूले त्यांना येऊन लटकतात. काल जो पाहुणा होता तो आज यजमान झाला. दरम्यान अमेरिकेचे निर्बंध २००० साली सैल झाले होते, त्यामुळे मॉड-एस.एस.एल. या आवृत्तीत मूळ संचाबरोबरच आले.

आज या घटनेकडे पाहता मला असे वाटते, की विस्ताराची मुभा देणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते. आकडा कोठे लावायचा हे तो ठरवतो, आणि त्यातूनच कोणते काम सोपे आणि कोणते अशक्य हेही ठरून जाते. जो आकडाच नाही त्याची मागणी करायलाही तो नसल्याचे आधी कोणालातरी बोचावे लागते.

६. आपल्या भाषेचा संबंध

या साऱ्याचा मराठी माणसाशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि सीमाभागात तर विशेष आहे.

मघा सांगितलेल्या टप्प्यांत मजकुराची भाषा ठरवण्याचा एक टप्पा आहे. वाचकाचा ब्राउझर मागणीबरोबर आपल्या पसंतीच्या भाषांची यादी पाठवू शकतो. अपाचेतील एक मॉड्यूल त्या टप्प्याच्या आकड्यावर बसून ती यादी वाचते आणि एकाच पत्त्याच्या पानाची मराठी व कानडी अशी दोन रूपे ठेवलेली असल्यास ज्याला जी हवी ती देते. सर्व्हर ज्यांनी लिहिला त्यांना या दोन भाषांचे अक्षरही येत नसेल. ते येण्याची गरजही नव्हती. व्यवस्थापकाने जुळणीच्या फाईलमध्ये प्रत्येक भाषेसाठी एक ओळ लिहायची आणि दोन्ही पाने ठेवायची, एवढेच काम उरते. एकाच गल्लीत दोन भाषा नांदणाऱ्या आपल्या भागाला ही सोय किती उपयोगी आहे, हे उघड आहे. मात्र ती सर्व्हरमध्ये असणे वेगळे आणि कोणी ती वापरणे वेगळे. दुसरे पान लिहिण्याचे कष्ट कोणतेही मॉड्यूल आपल्यासाठी घेत नाही.

दुसरे उदाहरण मराठी विकिपीडियाचे. तो १ मे २००३ रोजी सुरू झाला. ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर तो चालतो ते पी.एच.पी.त लिहिलेले असून त्यातही हूकांची हीच पद्धत आहे. रोमन कळफलकावरून देवनागरी कशी लिहायची, ही भारतीय भाषांतील लेखकांची पहिली अडचण होती. मल्याळम विकिपीडियाच्या एका स्वयंसेवकाने ‘नारायम’ नावाचा जोड तयार केला आणि तो हूकांच्या आधारे मूळ सॉफ्टवेअरला अडकवला. पुढे २०१३ पासून त्याची जागा सर्व भाषांसाठीच्या सामाईक जोडाने घेतली. मराठीसाठी त्यात उच्चारानुसारी आणि इनस्क्रिप्ट अशा दोन्ही पद्धती आहेत. केरळातील भाषेच्या गरजेतून निघालेली वाट मराठीलाही मोकळी झाली, कारण मूळ आज्ञावलीत जागा राखलेली होती.

७. आकडा टाकण्याचा धोका

‘आकडा टाकणे’ याचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, तो सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून वीज घेणारा मनुष्य स्वतःचे घर उजळतो, परंतु सगळ्या गल्लीला धोक्यात लोटतो. सर्व्हरमध्ये घेतलेले मॉड्यूल गाभ्याच्या घरातच राहते. त्याची स्मृती गाभ्याची स्मृती असते. ते कोसळले तर सर्व्हरची ती प्रक्रियाही कोसळते, आणि त्यात फट राहिली तर घरातले सारे काही त्या फटीतून दिसते. ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष अपाचेच्या गाभ्यात नव्हता. सांकेतिक लिपीसाठी मॉड-एस.एस.एल. ज्या ओपन-एस.एस.एल. ग्रंथालयाचा आधार घेते, त्यात तो होता. तरीही ज्यांच्या सर्व्हरवर ती सदोष आवृत्ती होती, त्यांच्या स्मृतीचे तुकडे परक्याला वाचता येत होते.

यामुळेच काही मंडळींनी दार थोडे आवळून धरले. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एन्जिनएक्स या सर्व्हरमध्येही टप्पे आणि मॉड्यूले आहेत. परंतु सर्व्हर बांधतानाच मॉड्यूल आत घ्यावे लागे. ते नंतर जोडण्याची सोय २०१६ साली आली. पुढे या सर्व्हरचा प्रसार वाढला आणि अपाचेचा वाटा पूर्वीपेक्षा कमी झाला. दार किती उघडे ठेवावे याचे एकच उत्तर नाही. मात्र दार ठेवणाऱ्याने जागे राहावे लागते, यात दुमत नाही. नको असलेली मॉड्यूले काढून टाकणे आणि हवी असलेली वेळोवेळी अद्ययावत ठेवणे हा सर्व्हर सांभाळणाऱ्याचा नित्यधर्म आहे.

समारोप

अपाचेचा इतिहास आठ माणसांपासून सुरू होतो. १९९९ साली त्यांच्या कार्याला अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचे रूप आले. परंतु त्या आठांनी सारे लिहिले म्हणून तो सर्व्हर मोठा झाला नाही. पुढे कोण येईल, त्याला काय हवे असेल, हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी मान्य केले आणि त्या अनोळखी माणसासाठी जागा राखली. ती अपुरी पडली तेव्हा ती वाढवली. जॅकार्ड कोणती नक्षी विणणार हे माग बनवणारा सुतार जाणत नसतो. त्याने माग मजबूत आणि चौकटीत सरळ ठेवला, की पुढचे विणकर पाहून घेतात.

शाळेचेही असेच असते. येथे शिकवलेला प्रत्येक धडा पुढे उपयोगी पडेलच असे नाही. परंतु नवे काही जोडून घेण्याची जागा मनात तयार झाली असेल, तर शाळा सुटल्यावरही शिक्षण थांबत नाही. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांत अशाच जागा राखून ठेवल्या. त्यांवर काय टांगायचे ते आता समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवायचे आहे, आणि पुढच्यांसाठी दोन आकडे नवे लावून ठेवायचे आहेत.